वाजवी भीती

गांगुर्डे वकिलांना घाबरायची हौस आहे, असं नाशिकच्या कोर्टात त्यांच्या पाठीमागे म्हणत. म्हणणाऱ्यांची मजल तेवढीच होती, म्हणून मी कधी वाद घातला नाही. पण आमच्या सरांचा धंदा भीतीचा होता, हे खरंच. दुसरे वकील तारखा लांबवत, साक्षीदाराला घोळात घेत. सर आरोपीला समोर बसवून आधी एकच विचारायचे, तुला भीती कुठं वाटली? छातीत, पोटात की पायात? बिचारा जामिनाचं काय झालं ते विचारायला आलेला असायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते संध्याकाळच्या लॉ कॉलेजात. दिवसभर एका ऑफिसात टायपिंग करायचं आणि संध्याकाळी कायदा शिकायचा, अशी माझी ती वर्षं होती. सर आठवड्यातून एकदा पीनल कोड शिकवायला यायचे. बुटके, सावळे, अंगावरचा काळा कोट एक माप मोठा, आणि आवाज इतका हळू की ऐकू यावं म्हणून मागच्या बाकांवरची टवाळ पोरंसुद्धा गप्प बसायची. त्या दिवशी विषय होता स्वसंरक्षणाचा हक्क. बोलता बोलता सर मध्येच थांबले. खडू हातात तसाच, आणि नजर आमच्या डोक्यांवरून मागच्या दाराकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. एक पाऊल ते मागे सरकले आणि त्यांची पाठ फळ्याला टेकली. आम्ही सगळे एकदम मागे वळलो. दारात कोणीच नव्हतं.

"आता तुमच्या अंगावर जे आलं," सर म्हणाले, "त्याला कायदा वाजवी भीती म्हणतो. दारात खरंच कोणी असलं पाहिजे असं नाही."

मग त्यांनी शांतपणे कायदा सांगितला. तुमच्यावर कोणी हात उगारला तर तुम्हाला स्वतःला वाचवायचा हक्क आहे. पण समोरचा पोलिस असेल आणि आपलं काम प्रामाणिकपणे करतो आहे असं समजून वागत असेल, तर तो हक्क नाही. त्याचं वागणं काटेकोर कायद्यात बसत नसलं तरी नाही. मुकाट्यानं चला आणि काय ते कोर्टात सांगा. याला सूट एकच. हा माणूस आता माझा जीव घेणार किंवा मला जबर जखमी करणार, अशी वाजवी भीती वाटली तर समोर खाकी असली तरी तुमचा हक्क शाबूत आहे. आणि तेव्हाही गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. जीव जात असताना गरज मोजायची कशी, असं कोणीतरी विचारलं. सर खूश झाले. म्हणाले, तो मोजत नाही, नंतर पंख्याखाली बसून आपण मोजतो. त्या रात्री घरी जाताना मी तीनदा मागे वळून पाहिलं, आणि सनद मिळाल्यावर त्यांच्याकडेच काम करायचं ठरवून टाकलं.

त्यांचं ऑफिस कोर्टाजवळच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कारकून रामभाऊ आणि मी, आतल्या खोलीत सर. आतल्या खोलीत कोणी नसलं तरी सर दारावर टकटक करून, जरा थांबून मगच आत जायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, "अगं, मी दिवसभर तिथं माणसांना त्यांचे सगळ्यात वाईट प्रसंग सांगायला लावतो. ते सगळं सांगून माणसं निघून जातात. सांगितलेलं कुठं जातं ते मला माहीत नाही." त्यानंतर त्या खोलीत एकटीनं फाइल आणायला जायचं माझ्या जिवावर यायला लागलं.

पोलिसांना त्यांचा राग असेल असं कोणालाही वाटेल. तसं नव्हतं. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर हवालदार सरकून त्यांना बाकावर जागा द्यायचे. सर त्यांनाही विचारायचे, शेवटचे कधी घाबरलात? आणि गंमत म्हणजे मोठाले मिशीवाले गडी सांगायचे. सर बशीतला चहा थंड होईपर्यंत ऐकायचे.

त्यांची कामाची एक रीत होती. पोलिसावर हात टाकल्याची केस आली की ते घटनेच्या जागी जायचे. त्याच वेळेला, जमेल तर तशाच हवेत. आरोपी जिथं उभा होता तिथं उभे राहायचे आणि आम्हाला पोलिस व्हायला सांगायचे. त्यांना भीती वाटली तर ते स्वसंरक्षणाचा मुद्दा घ्यायचे. नाही वाटली तर नाही. विंचूरच्या कांदाबाजारातल्या एका हमालानं शिपायाला ढकलून त्याचा हात मोडला होता. सर भर उन्हात कांद्याच्या ढिगांमध्ये उभे राहिले आणि रामभाऊ बांबू घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेले. सर घाम पुसत बाहेर आले आणि हमालाला म्हणाले, बाबा, मला राग आला, भीती नाही वाटली. रागावर मी तुला सोडवू शकत नाही. हमाल इतका चिडला की आता मला खरी भीती वाटतेय, असं सर रामभाऊंच्या कानात म्हणाले.

सोमाची केस आली तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. इगतपुरीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहणारा, भाताची दोन खाचरं कसणारा हा तरुण. भर पावसात आवणी चाललेली असताना, म्हणजे भाताची रोपं लावणं चाललेलं असताना, एक जमादार आणि एक तरुण शिपाई त्याच्याकडे आले. रेल्वेची तांब्याची तार चोरीला गेली होती आणि कोणीतरी सोमाचं नाव घेतलं होतं. थोड्या वेळानं जमादार खाचरात मरून पडला होता. मानेवर कोयत्याचा एकच घाव. शिपायानं साक्षीत सांगितलं की आम्ही नुसतं चल म्हटलं आणि यानं बांधावरचा कोयता उचलला. असं असेल तर तो सरळ खून होता, आणि पोलिसाचा खून म्हणजे फाशीसुद्धा होऊ शकली असती.

नाशिकरोडच्या तुरुंगात आम्ही त्याला भेटलो. सोमा एकच वाक्य बोलायचा.

"म्या नाय मारलं, साहेब."

आणि जमादारानं तुला धरल्यावर काय झालं असं विचारलं की त्याचं तोंड मिटायचं आणि श्वास बंद व्हायचा. अक्षरशः बंद. डोळे उघडे, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. तुरुंगाचा शिपाई त्याला पाठीत थापट्या मारून परत श्वास घ्यायला लावायचा. रामभाऊंनी पहिल्या भेटीनंतर परत आत यायला साफ नकार दिला.

मी सरांना म्हटलं, सोपं आहे की. पाऊस होता, धुकं होतं, जमादाराच्या अंगावर रेनकोट होता. पोलिस आहे हे सोमाला कळलंच नाही असं म्हणू. कायद्यात तेही बसतं. सर म्हणाले, कळलं होतं. जमादाराला अख्खा पाडा ओळखतो. खोटी भीती मी कोर्टात नेणार नाही. मग खरी कुठून आणणार, मी चिडून म्हणाले. मारलंच नाही म्हणणारा माणूस जीव वाचवायला मारलं असं कसं म्हणणार? सरांनी इगतपुरीला जायचं ठरवलं.

पाड्यावर पोचलो तेव्हा दुपार होती, पण हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नव्हतं. इगतपुरीचं धुकं म्हणजे ढगच खाली उतरून बसलेला असतो. सोमाची बायको चांगुणा आम्हाला खाचराशी घेऊन गेली. ती त्या दिवशी वरच्या खाचरात होती. तिला काही दिसलं नव्हतं, फक्त पाण्याचा आवाज आला होता. त्या दिवसानंतर खाचराला कोणी हात लावला नव्हता. अर्धं लावलेलं, अर्धं मोकळं, आणि बांधावर रोपांच्या जुड्या कुजत पडलेल्या.

सरांनी कोट काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधाला लागून चिखलात गुडघे टेकले. म्हणाले, रामभाऊ, माझी मान धरा आणि डोकं पाण्याखाली दाबा. कारण तुरुंगात सोमाचा श्वास बंद होताना पाहून जमादारानं त्याला असंच पाण्याखाली दाबलं असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. रामभाऊंनी छत्री बांधावर टाकून हात जोडले. सर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, सर, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, "इथं लोक आहेत कुठं?"

मी त्यांची मान धरली आणि दाबली. जरा वेळानं त्यांनी पाण्यावर हात आपटला, मी लगेच सोडलं. सर चिखलानं भरलेल्या तोंडानं माझ्यावर ओरडले, सोडलंस का? त्यानं सोडलं नव्हतं. मी परत दाबलं, आणि या वेळी, खरं सांगते, रागानं दाबलं. आधी बुडबुडे आले. मग हात आपटले. मग माझ्या हाताखालची ती मान बदलली. ती माझ्या सरांची राहिली नाही, कोणा अनोळखी माणसाची झाली. आणि तेव्हा मला त्यांचा उजवा हात दिसला. सगळं अंग तडफडत होतं आणि तो हात मात्र बांधावर सावकाश चाचपत होता. रोपांच्या जुड्या बाजूला सारत होता. त्याला रामभाऊंची छत्री सापडली. पुढच्या क्षणी माझ्या नडगीवर असा घाव बसला की मी पाण्यात कोसळले.

सर उठून बसले. गढूळ पाणी ओकले. मग मला चिखलात पडलेली पाहून काळजीनं म्हणाले, "सुमन, तू कशी गं पडलीस?"

त्यांच्या हातात वाकलेली छत्री होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रामभाऊंच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. बांधावर बसलेली चांगुणा धुक्यातून म्हणाली, "पानी असंच वाजलं व्हतं."

परतताना सर गाडीत एकच बोलले. सोमा खोटं बोलत नाही, त्याला मारलेलं ठाऊकच नाही. मी माझी सुजलेली नडगी धरून बसले होते आणि मला या माणसाची पहिल्यांदा खरी भीती वाटत होती. तो हात त्यांच्या मांडीवर निवांत पडलेला होता.

खटल्यात हे काही सांगता येत नव्हतं. वकील स्वतःच्या केसमध्ये साक्षीदार होऊ शकत नाही, आणि झाला असता तरी कोण ऐकणार होतं. साक्षी झाल्या. तरुण शिपाई पढवल्यासारखं बोलला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मग न्यायाधीशांनी आरोपीला विचारायची वेळ आली. त्यांनी चांगल्या आवाजात विचारलं, जमादारानं तुला धरलं, तेव्हा काय झालं?

सोमाचं तोंड मिटलं. श्वास बंद झाला. सरकारी वकील म्हणाले, नाटक आहे. त्याचा चेहरा काळा पडत चालला तसे तेही गप्प झाले. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावणार, तेवढ्यात सरांनी न वळता हात मागे करून मला अडवलं. मी त्यांना मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या ते लिहिण्यासारखं नाही. समोर एक माणूस कोरड्या लाकडी पिंजऱ्यात उभ्या-उभ्या बुडत होता आणि त्याचा वकील नुसता बघत होता. मग सोमाचा उजवा हात कठड्यावरून खाली आला आणि फळीवर चाचपायला लागला. सावकाश. काहीतरी बाजूला सारत. चेहरा मरत होता आणि हात शोधत होता. कोर्टात पंख्याचा तेवढा आवाज.

"त्याला वर काढा, साहेब."

मागच्या बाकावरचा शिपाई उभा राहिला होता. त्याला स्वतःलाच धाप लागली होती.

"मी जमादारांना म्हटलं होतं, वर काढा. मरंल तो. त्यांनी ऐकलं नाय."

सर धावले आणि त्यांनी सोमाच्या पाठीत जोरानं थापट्या मारल्या. न्यायाधीशांनी शिपायाला परत साक्षीला बोलावलं. सगळं बाहेर आलं. आरोपी कबूल करो वा न करो, पुराव्यातून जीव जाण्याची वाजवी भीती दिसते आणि एकापेक्षा जास्त घाव नाही, असं निकालात आलं. सोमा सुटला.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही सगळे खुशीत होतो. रामभाऊंनी पेढे आणले होते. सोमानं पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. तो सरांच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मंग मारलं कुनी?"

आम्ही हसणं थांबवलं. दीड वर्ष तो म्हणत होता म्या नाय मारलं, आणि कोर्टानं त्याला सोडलं होतं ते तू मारलंस पण बरोबर मारलंस, असं म्हणून. सरांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आयुष्यभर शब्द तोलून वापरणारा माणूस, त्यानं तिथंही तोलूनच वापरले.

"तू नाही मारलंस," सर म्हणाले. "तुझ्या हातानं मारलं."

सोमानं हाताकडे पाहिलं. त्याला ते पटलं. मला तेव्हा ते फार सुंदर वाक्य वाटलं होतं.

ते वाक्य काय करून बसलं ते कळायला काही वर्षं गेली. सोमा नवा तांदूळ घेऊन नाशिकला सरांच्या घरी आला. सरांचं घर एका कॉलनीत, दारात जास्वंद, भिंतीवर बुद्धाचं चित्र. सरांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, त्याला जेवायला वाढलं. मीही होते. सोमा जेवायला लागला तो डाव्या हातानं. वहिनींना वाटलं डावखुरा असेल. सर मात्र त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो पंच्यानं कमरेला बांधलेला होता. दुखतोय का, त्यांनी विचारलं.

"ह्यो माझा नाय, साहेब," सोमा सहज म्हणाला. "तुमीच म्हनला व्हता."

बरोबर आलेल्या चांगुणानं मग बाकीचं सांगितलं. तो हात झोपेत चाचपतो. अंथरुणावर, भिंतीवर. घरातला कोयता तिनं माहेरी नेऊन ठेवला. पोरांना तो जवळ घेत नाही. आवणीसुद्धा एका हातानं करतो. सणाला देवापुढे डाव्या हातानं काही ठेवता येत नाही म्हणून तो देवाकडे जातच नाही. पाड्यावर कोणी त्याला टाकलं नाही, यानंच स्वतःला टाकलं.

सरांनी त्याला समजावलं, विनवलं, शेवटी त्याच्यावर रागावले. सोमा नम्रपणे ऐकत राहिला. जे वाक्य त्याला फासातून काढल्यावर मिळालं होतं ते तो कशाच्या बदल्यात सोडणार? त्यानंतर सरांनी पोलिसांवरच्या हल्ल्याची केस घेतली नाही. दिवाणी दावे बघायचे. घटनेच्या जागी जाणं बंद झालं. लोकांना कधी घाबरलात हे विचारणंही बंद झालं. टपरीवरचे हवालदार विचारायचे, साहेबांना काय झालं? मी त्यांना काय सांगणार. आम्ही एका माणसाला सोडवलं होतं आणि त्याचा हात आत ठेवला होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी सरांची छाती पाण्यानं भरायला लागली. इस्पितळात त्यांना उशांवर टेकवून बसवून ठेवायचे. आडवं केलं की गुदमरायचे. शेवटच्या दिवसांत त्यांनी पाणी घेणं सोडलं. नर्सनं चमचा तोंडाशी नेला की दात घट्ट मिटायचे. वहिनींनी पाजून पाहिलं, मी पाजून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आम्हाला बघून जे यायचं ते मला त्यांनीच वर्गात शिकवलं होतं. माझे हात त्यांच्या मानेजवळ गेले की ते जास्तच दिसायचं. मी बाहेर जाऊन रडायची.

त्या दुपारी सोमा आला. त्याला कोणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. खांद्यावर ओलं घोंगडं, उजवा हात पंच्यात. सरांनी त्याला ओळखलं. सोमा स्टुलावर बसला, त्यानं भांडं घेतलं आणि डाव्या हातानं चमचा पुढे केला.

सरांनी मान फिरवली.

सोमानं परत चमचा नेला. सरांनी परत मान फिरवली. त्यांचा आवाज आम्हाला दोन दिवस ऐकू आला नव्हता. ते धापा टाकत, शब्दागणिक थांबत म्हणाले, "डाव्या हातानं... पाणी देतात का रे कोणी?"

सोमा म्हणाला, साहेब, त्यो हात नको, तुमाला काय झालं म्हंजे. सरांनी डोळे मिटले आणि तोंड थोडं उघडलं. उघडंच ठेवलं.

सोमानं दातांनी पंच्याची गाठ सोडली. तो हात बाहेर आला, बारीक, फिकट, इतक्या वर्षांत ऊन न लागलेला. चादरीवरून चाचपत तो सावकाश पुढे निघाला तेव्हा वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. मी उठायला गेले. आणि मग मला दिसलं की सरांचे डोळे परत उघडे होते, ते त्या हाताकडेच बघत होते, आणि त्यांत भीती नव्हती. हाताला चमचा सापडला. त्यानं तो भांड्यात बुडवला. निम्मं पाणी सरांच्या हनुवटीवर सांडलं, निम्मं आत गेलं. सरांनी ते गिळलं.

"अजून," सर म्हणाले.